उपकरणांचे आयकॉन न बदलण्याचा दोष : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

प्रशिक्षण कक्षातील २२ संगणकांचे हेडसेट, कॅमेरे आणि थेट यूएसबीने जोडलेले चार बहुउपयोगी प्रिंटर गेल्या महिन्यात बदलण्यात आले. नवी उपकरणे चालतात, आवाज येतो, कागद छापून निघतो. तक्रार आहे ती पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांची. काही संगणकांवर नव्या हेडसेटच्या जागी स्पीकरसारखे साधे चिन्ह दिसते, एका ठिकाणी प्रिंटरवर पिवळा त्रिकोण बसला आहे तो हलत नाही, तर एका संगणकावर कोणताही पेन ड्राइव्ह लावला तरी जुन्या बॅकअप डिस्कचे लाल चित्र येते. एकूण नऊ संगणकांच्या तक्रारी आज एकत्र केल्या. क्रमांक असे : ३, ५, ८, ११, १२, १४, १७, १९ आणि २१. यांतील २१ क्रमांकावर लिनक्स आहे, उरलेल्या आठांवर विंडोज १० आहे.

चित्र चुकले म्हणून इतकी यातायात कशाला, असा प्रश्न सकाळच्या बैठकीत आला आणि तो रास्त होता. त्याला दोन उत्तरे दिली. पहिले असे की, ज्या संगणकांवर आयकॉन आलेला नाही त्यांवर हेडसेटचे नावही ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ असे मोघमच दिसते, आणि अशी दोन-तीन मोघम नावे यादीत आली की प्रशिक्षणार्थी हमखास चुकीचे उपकरण निवडतो. दुसरे असे की, चित्र आणि नाव एकाच वाटेने येतात. म्हणजे चित्र आले नसेल तर त्या वाटेवर कुठेतरी काहीतरी अडले आहे, आणि ते काय हे ठाऊक असलेले बरे. विंडोज १०ची नियमित सहाय्य-मुदत १४ ऑक्टोबरला संपली असल्याने हे संगणक विंडोज ११वर न्यायचेच आहेत, पण तोवरचे काही महिने लोकांना याच पडद्यासमोर बसायचे आहे.

कामाचे दोन नियम ठरवले. कोणतीही फाइल किंवा रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या कोशातील) नोंद काढण्यापूर्वी तिची प्रत ठेवायची, आणि एका संगणकावर एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून ठेवायचा. पाच उपाय एकदम करून दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि पुढच्या संगणकावर पुन्हा पाचही उपाय करावे लागतात.

४ नोव्हेंबर

आयकॉन बदलत नाही म्हटले की बहुतेकांचा हात पहिल्यांदा आयकॉन कॅशकडे जातो, आणि आमचाही गेला. विंडोज प्रत्येक वेळी मूळ फाइल उघडून तिच्यातून चित्र काढत बसत नाही. एकदा काढलेले चित्र ते वापरकर्त्याच्या खात्यातील लोकल अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि मग एक्सप्लोरर या उपफोल्डरात साठवून ठेवते. तेथे ‘आयकॉनकॅश’ या शब्दाने सुरू होणाऱ्या अनेक फाइली असतात आणि त्यांच्या नावांत १६, ३२, ४८, ९६, २५६ असे आकडे असतात, कारण चित्राच्या प्रत्येक आकाराची साठवण वेगळी होते. यामुळेच एखादे चित्र मोठ्या आकारात नवे आणि छोट्या यादीत जुने, असा चमत्कारिक प्रकारही पाहायला मिळतो. तो आम्हाला १४ क्रमांकावर प्रत्यक्ष दिसला.

या फाइली काढताना एक अडचण येते. डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा एक्सप्लोरर स्वतःच त्या उघडून बसलेला असतो, त्यामुळे चालू एक्सप्लोररमधून त्या काढायला गेल्यास ‘फाइल वापरात आहे’ असा नकार मिळतो. आम्ही सर्व प्रोग्रॅम बंद केले, कमांड प्रॉम्प्ट उघडून ठेवला, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररची प्रक्रिया थांबवली, पडदा रिकामा झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमधून त्या फाइली दुसऱ्या फोल्डरात हलवल्या आणि एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला. पहिल्या काही क्षणांत डेस्कटॉपवरची चित्रे एकेक करून उमटताना दिसतात, ती कॅश नव्याने भरली जात असल्याची खूण.

आठही विंडोज संगणकांवर हा उपाय करून पाहिला. ५ आणि १४ या दोन संगणकांचा दोष गेला. उरलेल्या सहांवर तिळमात्र फरक पडला नाही. त्या दोघांची तक्रार मुळात स्कॅनरच्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटची होती. नवा प्रोग्रॅम जुन्याच फोल्डरात, जुन्याच नावाने बसवला गेला होता, आणि कॅश मात्र चित्र ओळखते ते फाइलचा मार्ग आणि तिच्यातील चित्राचा अनुक्रमांक यांवरून. मार्ग तोच, क्रमांक तोच, म्हणून चित्रही तेच, असा तिचा सरळ हिशेब.

संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली आणि स्वतःचाच थोडा राग आला. आयकॉन कॅश प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र असते. तेव्हा त्याच संगणकावर दुसऱ्या खात्याने प्रवेश करून पाहिले असते, तर दोन मिनिटांत निकाल लागला असता : दुसऱ्या खात्यातही चित्र चुकीचेच असेल, तर दोष कॅशमध्ये नाही. ही तपासणी आधी करायची सोडून आम्ही आठ संगणकांच्या कॅश उपसल्या. आधी कळस मग पाया म्हणतात तसे झाले. आता उरलेल्या सहा संगणकांवर ती तपासणी केली आणि सहाही ठिकाणी दुसऱ्या खात्यात तेच चुकीचे चित्र दिसले. म्हणजे दोष कॅशच्या अलीकडे, संपूर्ण संगणकाला लागू असणाऱ्या कुठल्यातरी टप्प्यावर आहे.

५ नोव्हेंबर

आज ३, ८ आणि ११ या तीन संगणकांवर लक्ष केंद्रित केले. तिन्हींवर हेडसेटचे साधे चिन्ह दिसते आणि नावही मोघम आहे. तोच हेडसेट शेजारच्या ४ क्रमांकाला लावला तर ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’च्या खिडकीत त्याचे हुबेहूब छायाचित्र येते, त्यामुळे उपकरणात दोष नाही एवढे पक्के झाले.

हे छायाचित्र येते कुठून, हे येथे लिहून ठेवतो, कारण उद्या दुसरा कोणी ही वही उघडेल तेव्हा त्याला ते हवे असेल. विंडोज ७, म्हणजे २००९ सालापासून, उपकरणाचे नाव, वर्णन आणि चित्र ड्रायव्हरपासून वेगळे, ‘डिव्हाइस मेटाडेटा पॅकेज’ नावाच्या छोट्या गठ्ठ्यातून येऊ शकते. हा गठ्ठा म्हणजे डिजिटल सही असलेली कॅब प्रकारची फाइल असते. तिच्या आत एक आयकॉन आणि काही एक्सएमएल फाइली असतात, आणि हा गठ्ठा कोणत्या हार्डवेअर ओळख-क्रमांकाच्या उपकरणाचा आहे हे त्या एक्सएमएलमध्ये लिहिलेले असते. उपकरण लागले की ‘डिव्हाइस सेटअप मॅनेजर’ ही सेवा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे त्या ओळख-क्रमांकाची चौकशी करते, जुळणारा गठ्ठा मिळाल्यास उतरवून घेते आणि प्रोग्रॅमडेटाखालील ‘डिव्हाइस मेटाडेटा कॅश’ या फोल्डरात ठेवते. निर्मात्याच्या इन्स्टॉलरने सोबत आणलेले गठ्ठे मात्र ‘डिव्हाइस मेटाडेटा स्टोअर’ या वेगळ्या फोल्डरात जातात. तेव्हा कॅश हा शब्द येथे दोन ठिकाणी येतो, आणि काल आम्ही जी उपसली ती ही नव्हे.

४ क्रमांकाच्या मेटाडेटा कॅशमध्ये सात गठ्ठे होते. ३, ८ आणि ११मध्ये एकही नव्हता. फोल्डर रिकामे दिसल्यावर पुढची दिशा आपोआप ठरली, कारण आता प्रश्न चित्र का दाखवले जात नाही हा उरला नाही, तर ते आणलेच का गेले नाही हा झाला.

कंट्रोल पॅनेलमधील ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ उघडले. निर्मात्यांचे अ‍ॅप आणि खास आयकॉन आपोआप उतरवून घ्यायचे का, असा प्रश्न तेथे असतो. तिन्ही संगणकांवर उत्तर ‘नाही’ असे होते, शिवाय दोन्ही पर्याय फिकट असल्याने ते बदलताही येत नव्हते. पर्याय फिकट दिसला की त्यामागे ग्रुप पॉलिसी, म्हणजे प्रशासकाने लावलेली सेटिंग, असते असे समजून चालावे. ती ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन’ विभागात सापडली : उपकरणांचा मेटाडेटा इंटरनेटवरून आणण्यास प्रतिबंध करणारी पॉलिसी सुरू होती. हे तिन्ही संगणक दोन वर्षांपूर्वी एका जुन्या डिस्क-प्रतिमेवरून (संपूर्ण डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून) पुन्हा उभे केले होते, त्या प्रतिमेतच ती पॉलिसी आली. तेव्हा ती कोणी आणि का लावली, याची कुठेही नोंद नाही. अशी नोंद नसलेली पॉलिसी म्हणजे भिंतीत ठोकलेला, कशासाठी ठोकला ते कोणालाच न आठवणारा खिळा. काढावा तर भीती, ठेवावा तर अडचण. सुरक्षा पाहणाऱ्या सहकाऱ्यांना विचारून, त्यांची लेखी संमती घेऊन तिन्ही ठिकाणी ती काढली.

६ नोव्हेंबर

पॉलिसी काढल्यावर लगेच काही घडत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. काल संध्याकाळी दहा मिनिटे वाट पाहून आम्ही निराश झालो होतो. आज सकाळी ३ आणि ८ हे संगणक सुरू केले, हेडसेट काढून पुन्हा लावला, आणि थोड्या वेळाने साधे चिन्ह जाऊन छायाचित्र आले. नावही मोघम न राहता निर्मात्याने दिलेले पूर्ण नाव झाले. मेटाडेटा कॅशमध्ये नवे गठ्ठे दिसले. हे दोन संगणक यादीतून काढले.

११ क्रमांक मात्र हटून बसला. तेथे पॉलिसी नाही, सेवा चालू, तरी फोल्डर रिकामे. या वेळी विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिव्हाइस सेटअप मॅनेजर’ची प्रशासकीय नोंदवही उघडली. तीत १३१ क्रमांकाच्या चुका ओळीने लागल्या होत्या, मेटाडेटा बसवता आला नाही असे सांगणाऱ्या, आणि सोबत ८००७०४९० हा त्रुटी-संकेतांक. दुपारपर्यंतचा सगळा वेळ आम्ही या १३१च्या मागे घालवला. नंतर त्या ओळीतील कंटेनरचा, म्हणजे एका उपकरणाच्या सर्व घटकांच्या समूहाचा, ओळख-क्रमांक नीट वाचला, तेव्हा तो सुरुवातीला सगळी शून्ये आणि शेवटी सगळे एफ असा निघाला. हा क्रमांक कोणत्याही जोडलेल्या उपकरणाचा नसून खुद्द संगणकाचा असतो. संकेतांकाचा अर्थही ‘घटक सापडला नाही’ एवढाच आहे. म्हणजे या संगणकाच्या स्वतःच्या चित्राचा गठ्ठा सर्व्हरवर नाही. हीच नोंद मग व्यवस्थित चालणाऱ्या ४ क्रमांकावरही सापडली. लाल चिन्ह दिसले म्हणून धावत सुटण्यापूर्वी तीच ओळ निरोगी संगणकावर आहे का, हे पाहायला हवे होते.

खरी ओळ त्या लाल गर्दीत, पिवळ्या इशाऱ्याच्या रूपात दडली होती : क्रमांक २०२, इंटरनेटशी जोडणी नसल्याचे नेटवर्क लिस्ट मॅनेजर (जोडणीची स्थिती पाहणारा विंडोजचा भाग) सांगतो आहे. आश्चर्य असे की त्या संगणकावर ब्राउझर सुरळीत चालतो. मग टास्कबारच्या कोपऱ्याकडे पाहिले, तेथे नेटवर्कच्या चिन्हाऐवजी पृथ्वीगोल आणि त्यावर इंटरनेट नसल्याची खूण होती. ती खूण तेथे किती दिवसांपासून आहे, हे तेथे बसणाऱ्याला विचारले, तर त्याच्या मते ती पहिल्यापासूनच तशी आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायचे नसते.

७ नोव्हेंबर

विंडोजला इंटरनेट आहे की नाही, हे ते एका ठरावीक पत्त्यावरून तपासते. विंडोज १० ‘एमएसएफटी कनेक्ट टेस्ट डॉट कॉम’ या पत्त्यावरील एक छोटी मजकूर-फाइल मागवते आणि उत्तरात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ हे तीनच शब्द येण्याची अपेक्षा करते. ते शब्द आले नाहीत, किंवा त्यांच्या जागी दुसरेच काही आले, तर जोडणी असूनही विंडोज ती नाही असे धरते. ११ क्रमांक ज्या उपजाळ्यावर आहे, त्याच्या फायरवॉलमध्ये हा पत्ता बंद केलेला होता. ब्राउझरला तो लागत नाही, म्हणून कोणाची तक्रार आली नाही. डिव्हाइस सेटअप मॅनेजर मात्र नेटवर्क लिस्ट मॅनेजरच्या शब्दावर विसंबतो, त्यामुळे जोडणी नाही असे कळल्यावर तो गठ्ठा मागायला जातच नाही.

फायरवॉलमध्ये तो पत्ता खुला करवून घेतला. नेटवर्कची जोडणी काढून लावली, आणि आम्ही तिघे पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत उभे राहिलो. पृथ्वीगोल क्षणभर तसाच राहिला, मग नाहीसा झाला आणि त्या जागी तारेच्या नेटवर्कचे नेहमीचे चिन्ह आले. मग हेडसेट काढून पुन्हा लावला. नोंदवहीत या वेळी २०२ उमटला नाही. काही वेळाने ११२ क्रमांकाची नोंद आली, म्हणजे त्या उपकरणाचे काम पूर्ण झाले, आणि तिच्यात हेडसेटचे पूर्ण नाव होते. खिडकी ताजी केल्यावर छायाचित्रही दिसले. हेडसेटचे चित्र न येणे आणि पृथ्वीगोल न जाणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. त्या एकाच फायरवॉल-नियमाच्या निघाल्या.

१० नोव्हेंबर

१२ क्रमांक : प्रिंटरवरील पिवळा त्रिकोण. छपाई होते, स्कॅन होते, म्हणून तो त्रिकोण जुना राहून गेला आहे असे सर्वांनी, माझ्यासकट, गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो खरे सांगत होता.

बहुउपयोगी प्रिंटर आपल्याला एक यंत्र दिसत असला, तरी विंडोजला तो अनेक उपकरणांचा समूह दिसतो : प्रिंटर वेगळा, स्कॅनर वेगळा, फॅक्स वेगळा. या सर्वांना एकत्र बांधणारा एक समान ओळख-क्रमांक असतो, त्याला कंटेनर आयडी म्हणतात, आणि ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये जे एक चित्र दिसते ते त्या संपूर्ण कंटेनरचे. आतल्या एकाही घटकात बिघाड असला, तरी त्रिकोण संपूर्ण चित्रावर बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हाइसेस’ खाली फॅक्सचा घटक सापडला, संकेतांक २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. प्रिंटर बसवताना कोणीतरी फक्त छपाई आणि स्कॅनचे पर्याय निवडले होते. संपूर्ण ड्रायव्हर संच बसवला आणि त्रिकोण गेला. काम वीस मिनिटांचे होते, आणि चार दिवस आम्ही त्या त्रिकोणाला शिळा म्हणत राहिलो.

११ नोव्हेंबर

१७ क्रमांकावर कॅमेऱ्याच्या दोन नोंदी होत्या, आणि अंक २ जोडलेली नोंद नवी व चालू. डिव्हाइस मॅनेजरमधील ‘व्ह्यू’ यादीतून लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडला, तेव्हा फिकट चिन्हांची रांगच उभी राहिली : तोच कॅमेरा पाच वेळा. ज्या यूएसबी उपकरणात निर्मात्याने अनुक्रमांक घातलेला नसतो, ते एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावले की विंडोजला ते तेच आहे हे ओळखण्याचे साधन नसते; ते पोर्टच्या जागेवरून नवी ओळख तयार करते आणि जुनी नोंद मागे राहते. या कॅमेऱ्यात अनुक्रमांक नाही, आणि संगणकाच्या मागच्या बाजूला सहा पोर्ट आहेत. फिकट नोंदी एकेक करून काढल्या, कॅमेरा एका पोर्टला कायमचा लावला आणि त्या पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावली. संगणकाच्या आतली समस्या शेवटी बाहेरच्या चिकटपट्टीने सुटली, ही या प्रकल्पातील मला सर्वांत आवडलेली दुरुस्ती.

त्याच दिवशी दुपारी १९ क्रमांक घेतला. हा खरा गमतीचा. कोणताही पेन ड्राइव्ह लावला की लाल डिस्कचे चित्र येई, आणि ते चित्र एका बॅकअप प्रोग्रॅमचे होते, जो वर्षभरापूर्वी काढून टाकला आहे. पहिला संशय पेन ड्राइव्हच्या मूळ फोल्डरातील ऑटोरन फाइलवर गेला, कारण यूएसबीवरून प्रोग्रॅम आपोआप सुरू करणे विंडोज ७पासून बंद असले, तरी त्या फाइलमधील आयकॉनची ओळ अजूनही पाळली जाते. पण ज्या ड्राइव्हवर अशी फाइलच नव्हती, त्यालाही लाल चित्र आले. मग एक साधा प्रयोग केला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचे अक्षर ईवरून के असे बदलले, आणि चित्र तत्काळ नेहमीचे झाले. पुन्हा ई केले, चित्र पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही तेच. म्हणजे चित्र ड्राइव्हला नव्हे, अक्षराला चिकटले होते.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, संपूर्ण यंत्राला लागू असलेल्या शाखेत एक्सप्लोररखाली ‘ड्राइव्ह आयकॉन्स’ नावाची एक किल्ली असते. तिच्याखाली अक्षराच्या नावाने उपकिल्ली आणि तिच्यात डिफॉल्ट आयकॉनचा मार्ग लिहिला, की त्या अक्षराने जे काही येईल त्याला ते चित्र मिळते. बॅकअप प्रोग्रॅमने आपल्या डिस्कसाठी ई अक्षराची उपकिल्ली केली होती. स्वतः जाताना ती नेली नाही, आणि चित्राची फाइलही जागेवरच ठेवली. फाइल काढली असती तर निदान कोरे चिन्ह आले असते आणि दोष लवकर सापडला असता. किल्लीची प्रत काढून ठेवली, उपकिल्ली काढली, एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला. पेन ड्राइव्ह आता पेन ड्राइव्हसारखा दिसतो.

१३ नोव्हेंबर

२१ क्रमांक, लिनक्स. येथे बॅकअपच्या डिस्कला मुद्दाम वेगळे चित्र दिलेले आहे. यूडेव्हच्या (उपकरणे ओळखणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) नियमात यूडिस्क्ससाठी (डिस्क हाताळणाऱ्या सेवेसाठी) आयकॉनचे नाव नेमून देता येते, आणि ते आयकॉन संचाच्या फोल्डरांत शोधले जाते. चित्र बदलले, फाइल योग्य उपफोल्डरात ठेवली, तरी जुनेच दिसत राहिले. कारण शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते नोंदवण्याजोगे आहे. जीटीके हे पडद्यावरच्या खिडक्या-बटणे काढणारे साधन आयकॉन संचाची एक कॅश-फाइल संचाच्या मुख्य फोल्डरात ठेवते आणि ती शिळी आहे का, हे त्या मुख्य फोल्डराच्या बदल-वेळेशी ताडून ठरवते. आम्ही फाइल उपफोल्डरात ठेवली, त्यामुळे उपफोल्डराची वेळ बदलली, मुख्य फोल्डराची नाही. आणि कॅश स्वतःला ताजी समजत राहिली. मुख्य फोल्डराची वेळ टच आज्ञेने अद्ययावत केली, कॅश नव्याने बांधणारी आज्ञा चालवली, बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला आणि काम झाले.

१४ नोव्हेंबर

यादीतील नऊही संगणक झाले. आज सकाळी मात्र दहावी तक्रार आली. २ क्रमांकावर एका नव्या दस्तऐवज-कॅमेऱ्याचे साधे चिन्ह दिसते. सवयीने सगळी वाट पुन्हा चाललो : दुसऱ्या खात्यातही साधेच, पॉलिसी नाही, २०२ नाही, घटकांत बिघाड नाही, लपलेली नोंद नाही. शेजारच्या तीन संगणकांवर लावून पाहिला, सर्वत्र साधे चिन्ह. मेटाडेटा कॅशमध्ये त्याचा गठ्ठा कुठेच आला नाही. निर्मात्याने या मॉडेलसाठी चित्र पुरवलेले नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि अशा वेळी साधे चिन्ह हेच बरोबर चिन्ह. तक्रार करणाऱ्याला तसे कळवले. गुणधर्माच्या खिडकीतून उपकरणाचे नाव बदलता येत असेल तर बदलून देऊ, चित्र देता येणार नाही.

विंडोज ११वर जाताना यातील बरेच काही बदलेल. तेथील अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’ उघडायला गेल्यास सेटिंग्जमधील उपकरणांचे पान उघडते. मेटाडेटा गठ्ठ्यांची जुनी व्यवस्थाही मायक्रोसॉफ्टने कालबाह्य ठरवली असून उपकरणाचे नाव आणि चित्र ड्रायव्हर पॅकेजमधूनच द्यावे, असे निर्मात्यांना सांगितले आहे. तेव्हा ३, ८ आणि ११वर आम्ही जे केले, ते पुढच्या वर्षी कदाचित निरुपयोगी ठरेल. फायरवॉलचा नियम आणि पोर्टवरची चिकटपट्टी मात्र तशीच ठेवायची आहे.

शिल्लक काम : जुनी डिस्क-प्रतिमा अजून सर्व्हरवर आहे आणि तीत ती पॉलिसीही आहे. सोमवारी प्रतिमा उघडून पॉलिसी काढायची, आणि का काढली ते प्रतिमेसोबतच्या मजकूर-फाइलमध्ये तारखेसह लिहायचे.